नाय म्हाराजा

यंदा सव्वीस जानेवारीला रत्नागिरीतल्या माझ्या शाळेचं झेंडावंदन उरकलं आणि मी तशीच, पांढऱ्या साडीत, गावाकडची गाडी पकडली. आमचं गाव देवरूखपासून बरंच आत. पोचले तेव्हा ग्रामसभा निम्म्यावर आली होती. आई पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, काठी मांडीवर आडवी. आताची सरपंच शाळेत माझ्या वर्गात होती. तिने नळयोजनेचा ठराव वाचला आणि विचारलं, “कोणाचा विरोध?”

सगळी सभा आईकडे बघायला लागली. आईने काही घाई केली नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि मग ‘चालू दे’ अशी मान हलवली. सरपंचबाईंचा जीव भांड्यात पडला. मी मागे उभी राहून हसत होते, आणि डोळेही पुसत होते.

ठराव मंजूर करण्याआधी माझ्या आईकडे बघायचं, ही आमच्या गावची आता रीतच होऊन बसली आहे. ती कशी पडली हे सांगायचं तर आधी पऱ्या सांगायला हवा.

पऱ्या म्हणजे ओढा. आमची वाडी पऱ्याच्या अलीकडे आणि बाकी सगळा गाव पलीकडे. शाळा पलीकडे, देऊळ पलीकडे, एसटीचा थांबा, पोस्ट, रेशनचं दुकान, सगळं पलीकडे. शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा होता, त्याची काश्मीरची बाजू ओल येऊन फुगली होती. तो नकाशा बघताना मला नेहमी वाटायचं, हा देश आपल्या पऱ्याच्या पलीकडून सुरू होतो. उन्हाळ्यात तो चालत जाण्याइतका जवळ असायचा. पावसाळ्यात पऱ्या तांबडा होऊन गर्जत यायचा आणि आम्ही देशाच्या बाहेर पडायचो.

हे काही मी लिहायचं म्हणून लिहीत नाही. पंधरा ऑगस्टला पऱ्या हमखास भरलेला असायचा. आम्ही वाडीतली पोरं धुतलेले गणवेश घालून अलीकडच्या काठावर रांगेत उभी राहायचो. पलीकडे शाळेच्या मैदानात झेंडा वर जाताना दिसायचा. आम्ही इथूनच सलामी द्यायचो. राष्ट्रगीत मात्र पाण्याच्या आवाजात नीट ऐकू यायचं नाही. पलीकडच्यांचे हात खाली आले की कळायचं, त्यांचं संपलं, आणि आम्ही अजून मध्येच कुठेतरी असायचो. मग आम्ही आपलं शेवटपर्यंत म्हणून घ्यायचो. पलीकडे खाऊ वाटला जायचा तोही दिसायचा. तो दुसऱ्या दिवशी मिळेल असं गुरुजी सांगायचे, पण दुसऱ्या दिवशीही पऱ्या उतरलेला नसायचा.

पऱ्यावर साकव होता, पण तो वाडीने घातलेला. पाऊस लागायच्या आधी ऐनाचे दोन लांब वासे आडवे टाकायचे, त्यांवर बांबू आडवे बांधायचे, झाला साकव. हे काम पुरुषांचं. पण वाडीतले पुरुष सगळे मुंबईला चाकरीत, माझे वडीलही एका कंपनीत शिपाई. ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे. तेव्हा साकव बायकाच घालायच्या. आई वाशाच्या टोकावर बसून सुंभ आवळायची आणि देवाला, सरकारला आणि मुंबईतल्या नवऱ्याला एकाच दमात नावं ठेवायची. पहिला मोठा पूर आला की साकव वाहून जायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा जायचा.

मी आठवीत होते त्या वर्षी श्रावणात मी साकवावरून घसरले. बांबूला लोंबकळत राहिले आणि मागून येणाऱ्या काकीने मला वेणीला धरून वर ओढलं. दप्तर गेलं. रात्री जेवताना आई म्हणाली, “पुढच्या पावसात तुला मी धाडणार नाय.” मला कळलं याचा अर्थ काय ते. माझ्या आधी वाडीतल्या एका मुलीला असंच पावसापुरतं घरी ठेवलं होतं. पावसाळा संपला, पण ती पुन्हा शाळेत आली नाही. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं.

आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायला जे सर होते, ते घाटावरचे. नवीन आलेले, उंच, आवाज खणखणीत. आमचं हेल काढून बोलणं त्यांना कळायचं नाही आणि त्यांचं तोडून टाकल्यासारखं बोलणं ऐकून आम्हाला वाटायचं, हे सारखे रागावलेलेच असतात. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेला विषय. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायचा आणि पेपर देऊन विसरायचा. आज मी स्वतः तोच विषय शिकवते, म्हणून अधिकाराने सांगते, त्याची ही अवस्था अजून तशीच आहे. सरांना ते खपायचं नाही. ते म्हणायचे, “इतिहास झालेला आहे, त्याचं काय करणार? हे अजून व्हायचं आहे, हे नीट शिका.”

ग्रामसभेचा धडा आला तेव्हा त्यांनी वर्गातच ग्रामसभा भरवली. गावच्या मानकऱ्यांच्या नातवाला सरपंच केलं. मानकरी म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात वजनदार आजोबा. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गाऱ्हाणं कोकणात कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण सरांना लागलं असतं, आणि तिथेच घोटाळा झाला. मानकरी देवापुढे उभे राहून गावाच्या वतीने मागणं मागतात, एका ठरावीक चालीत, “बा देवा म्हाराजा” असं सुरू करून. प्रत्येक मागण्याच्या शेवटी ते थांबले की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” आम्ही बोलायला शिकलो त्याच्याही आधी हे शिकलो असू.

सरांनी नातवाच्या हातात एक चिठ्ठी दिली. वर लिहिलेलं वाचायचं, मग सभेने उत्तर द्यायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. चारचौघांत उभं राहून बोलायची नातवाला एकच चाल माहीत होती, आजोबांची. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं, “तर मंडळी, उद्यापासून आपल्या शाळेची मधली सुट्टी बंद करावी असा हा ठराव सभेसमोर ठेवलेला आहे…” आणि तो थांबला.

“व्हय म्हाराजा!” सगळा वर्ग ओरडला. मीही.

सर फळ्याला टेकले. आधी त्यांना काही कळेना. मग शेजारच्या वर्गातल्या बाईंनी येऊन त्यांना गाऱ्हाण्याचं सांगितलं, तेव्हा ते इतके हसले की खडू हातातून पडला. आम्हीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि सर दारात येऊन उभे राहिले. “कुठं निघाला? ठराव मंजूर झालाय. एकमताने.” बाहेर बाकीची शाळा खेळत होती आणि आम्ही डबे मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या डब्यात त्या दिवशी घावणे होते, हे मला अजून आठवतं.

मग सर म्हणाले, “देवाकडं मागताना होयच म्हणायचं असतं, ते बरोबर आहे. पण सभेत नाही म्हणता येतं. नाही म्हणता येतं म्हणूनच तिथल्या होयला किंमत आहे.” आणि त्यांनी एकेकाला उभं करून “माझा विरोध आहे” असं म्हणायला लावलं. काय सांगू, वर्गात कोणाच्या तोंडून ते वाक्य धड निघेना. मुली पदर नसताना पदर चावल्यासारखं करायच्या, मुलगे पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचे. शिव्या देताना ज्यांची जीभ अडखळायची नाही, ते ‘विरोध’ या शब्दापाशी घाम पुसत होते. माझी पाळी आली तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. सर म्हणाले, “बस. घरी सराव कर.”

घरी मी आईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मधल्या सुट्टीची गोष्ट ऐकून ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग हसणं ओसरलं तसं तिने विचारलं, “आणि एखाद्याने नाय म्हटलान तर काय होतं?”

“काही होत नाही. तसं लिहून घ्यावं लागतं.”

“ते पुस्तकातलं झालं गो. गावात काय होतं ते इचारतंय मी.”

ते धड्यात नव्हतं. मी तसं सांगितलं. आईने भाकरी उलटली.

त्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला पऱ्यात घोट्याएवढं पाणी होतं, त्यामुळे आम्ही देशात होतो. प्रभातफेरी झाली, झेंडावंदन झालं, आणि शाळेच्या मैदानातच ग्रामसभा बसली. सरपंचपदावर मानकऱ्यांची सून होती, पण ती डोक्यावरून पदर घेऊन खुर्चीत बसायची आणि बोलायचे सासरे. बायका एका कडेला जमिनीवर. आम्ही मुलं मागे उभी. सर खाऊचा डबा घेऊन झेंड्याच्या खांबापाशी उभे होते.

गावाला त्या वर्षी एका कामापुरता निधी आला होता. मानकरी उभे राहिले. “तर मंडळी, देवळापुढे सभामंडप घालायचा असं आपल्या मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळाने ठरवून कळवलेलं हाय. तुमची आमची सगळ्यांची साथ असू दे, काम पार पडू दे…” चाल तीच. ते थांबले.

“व्हय म्हाराजा!” सगळं मैदान म्हणालं. लाज वाटते सांगायला, पण आमचा सगळा वर्गही म्हणाला. इतकं शिकून, मधली सुट्टी घालवून, पुन्हा तेच. सरांना कपाळाला हात लावताना मी बघितलं.

आणि तो आवाज विरतो न विरतो तोच बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, “नाय म्हाराजा.”

आवाज मोठा नव्हता. पण तसं उत्तर ऐकायची सवय कोणाच्या कानाला नव्हती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आला. मी आवाज ओळखला.

“कोण गो ती?” मानकऱ्यांनी विचारलं.

आई उभी राहिली. “मी. पलीकडच्या वाडीतली. आमका आधी साकव व्हया. पावसात पोरां शाळेत येत नाय.”

“देवाच्या कामाला नाय म्हणतंस?”

“देवाला कशाला नाय म्हणेन? मी सभेला म्हणतंय. माझी पोर सांगते, सभा वेगळी आणि गाऱ्हाणं वेगळं.”

मग काय, सगळ्या गावाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. ग्रामसेवक लिहिता लिहिता थांबले होते. विरोध कसा नोंदवायचा हे त्यांना आठवेना, इतक्या वर्षांत तशी वेळच आली नव्हती. शेवटी सरांनी जाऊन त्यांना वाक्य सांगितलं. मग हात वर करायला लावले. सभामंडपाच्या बाजूने मैदानभर हात वर गेले. साकवाच्या बाजूने आईचा एकटीचा. आमच्या वाडीतल्या बाकीच्या बायका खाली बघत होत्या, त्यांचे नवरेही त्याच मंडळात होते. माझा हात आपोआप वर गेला. सरांनी तो हलकेच धरून खाली घेतला. “तू अजून मतदार नाहीस,” ते म्हणाले. त्यांचं नाव घाटावरच्या मतदारयादीत होतं, त्यांना तरी कुठे हात वर करता येत होता?

गावात काय होतं, ते मग कळायला लागलं. तसं कोणी काही म्हणालं नाही. पाणवठ्यावर बोलणं आम्ही गेलो की थांबायचं, एवढंच. दुकानातल्या फोनवर वडिलांचा निरोप आला, मंडळात मान खाली घालावी लागली म्हणून. आई तो निरोप ऐकून घरी आली आणि लाकडं फोडत बसली. एकदाच तिच्या तोंडून निघालं, “शिमग्याला पालखी येते की नाय कोण जाणे.”

हे ज्याला कळत नाही त्याला आमचा जिल्हा कळणार नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. वर्षभर माणूस देवळात जातो, शिमग्यात देव माणसाच्या अंगणात येतो. घर कितीही लांब असो, वाट कितीही वाईट असो, पालखी येणार. ती आपल्या अंगणात न थांबता पुढे गेली, तर गावात आपलं घर नाहीच, असा त्याचा अर्थ. मुंबईचा माणूस नोकरीवर लाथ मारून शिमग्याला येतो तो याचसाठी. साकव राहिला बाजूला, शाळाही राहिली, आता आईला फक्त पालखीची काळजी लागली होती. आणि मला वाटत होतं, हे सगळं माझ्या धड्यामुळे झालं.

वडील आले. त्यांनी आईशी दोन दिवस अबोला धरला. आईने अंगण सारवलं, रांगोळी घातली, नारळ आणि ओटीचं ताट तयार ठेवलं. दुपार कलली तसा ढोलांचा आवाज पऱ्याकडून यायला लागला. पालखी पाण्यात उतरली, चढ चढली. वाडीतलं पहिलं घर झालं, दुसरं झालं. शेजारच्या काकीच्या अंगणातून पालखी उठली आणि ढोल थांबले. थांबले ते थांबलेच. आई दारात ताट घेऊन उभी होती. ताटातलं निरांजन हलत होतं, वारा तर अजिबात नव्हता. वडील तिच्यापासून लांब उभे होते ते चालत येऊन तिच्या बाजूला उभे राहिले.

मग एकदम ढोल वाजला आणि पालखी आमच्या अंगणात आली. मधे ढोल का थांबले होते ते पुढे कळलं. एका ढोलाची दोरी सैल झाली होती, ती ताणत होते. बाकी काही नव्हतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दोरी ती.

मानकरी पुढे झाले. घामाने डबडबले होते, म्हातारपणी पऱ्याचा चढ चढून आले होते. त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. या घरातल्या लेकराबाळांना सुखी ठेव. व्हय म्हाराजा. मुंबईला चाकरीत असलेल्याला सांभाळ. व्हय म्हाराजा. मग त्यांनी आईकडे बघितलं. आणि त्याच चालीत म्हणाले, “आणि या माउलीने जो पऱ्यावर साकव मागितलेला हाय, तो पुरा होऊ दे, पोरां सुखाने शाळेत जाऊ देत, म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. ज्यांनी जानेवारीत सभामंडपासाठी हात वर केले होते ते सगळे. माझे वडील सगळ्यांत मोठ्याने.

आई रडत होती. तिने पदराने तोंड पुसलं, निरांजन ओवाळलं, मानकऱ्यांच्या पाया पडली. मी म्हटलं, झालं, संपलं, पालखी आली, आता आणखी काय हवं? पण ती उठून उभी राहिली आणि मानकऱ्यांना म्हणाली, “बाबा, देवाने ऐकलान. आता एक मेची ग्रामसभा हाय. असंच तिथे पण बोला.”

वडिलांनी डोळे मिटून घेतले. मानकरी आईकडे बघत राहिले. जन्मभर त्या माणसाने गावाच्या वतीने मागणं मागितलं होतं आणि गावाने त्याला होकार दिला होता. त्यांना स्वतःला कधी कोणी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी हात जोडले, आमच्या आईसमोर, आणि म्हणाले, “व्हय म्हाराजा.”